बाहेरचं ऐकू येणारा हेडफोन

शरच्चंद्ररावांनी आयुष्यभर ऐकण्याचा पगार घेतला. अलिबागच्या कोर्टात ते लघुलेखक होते. साक्षीदार काय म्हणाला, वकील काय म्हणाले आणि आपण काय म्हणालो असं न्यायाधीशांना नंतर वाटलं, हे सगळं त्यांनी निमूटपणे टिपून घेतलं. निवृत्त झाल्यावर ते फुकट ऐकायला लागले, आणि तेव्हा कुठे त्यांना ऐकण्याची गोडी लागली.

नागावात त्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे. दुपारी जेवण झालं की सुपारीचं खांड तोंडात टाकून ते ओटीवरच्या आरामखुर्चीत अंगणाकडे तोंड करून बसत, एखादा जुना ख्याल लावत आणि खुर्चीच्या हातावर ठेका धरत. बोटांनी मात्रा मोजायच्या आणि समेला, म्हणजे आवर्तन फिरून पहिल्या मात्रेवर आलं की, तळहाताची थाप द्यायची. थाप चुकीच्या जागी पडे, पण जोरदार पडे.

की माजघरातून आवाज येई, "हुकली!"

हा आवाज मधुवंतीबाईंचा. त्यांचे वडील रेवदंड्याला भजनाच्या साथीला तबला वाजवत. मुलगी झाली तेव्हा त्यांनी तिला रागाचं नाव दिलं आणि मुलगी मोठी झाली तेव्हा तबला दिला. नागावच्या महिला भजनी मंडळात मधुवंतीबाई तबल्याला बसल्या की बाकीच्या बायका देवापेक्षा त्यांना जास्त घाबरत. फणसाचे गरे काढता काढता, हाताला तेल आणि डोळे आठळ्यांवर, अशा अवस्थेतही त्यांना सम कुठे आहे हे ठाऊक असे. आणि नवऱ्याला ती कुठे आहे हे ठाऊक नाही, हेही.

"हुकली!" याला शरच्चंद्ररावांचं उत्तर ठरलेलं होतं. "तबलजीची चूक!"

रेकॉर्डवर मोठमोठे तबलजी वाजवून गेले. शरच्चंद्ररावांनी सगळ्यांवर हाच आरोप ठेवला आणि एकाचंही म्हणणं ऐकून घेतलं नाही. चुकून कधी थाप समेवर पडलीच तर माजघर गप्प राही. गप्प राहिलं म्हणजे बरोबर आलं. अशी शांतता त्यांच्या संसारात फार वेळा नांदली नाही.

मग मधुवंतीबाईंची पाठ दुखायला लागली. आधी तेल चोळून झालं, मग अलिबागला फोटो काढून झाले, मग रो-रो बोटीतून गाडीसकट मुंबईला जाऊन आणखी मोठे फोटो काढून झाले. तिथल्या डॉक्टरांनी ते फोटो उजेडासमोर धरले आणि म्हणाले, हाडांत पसरलंय, आता घरी न्या आणि आनंदात ठेवा. गोळ्यांची चिठ्ठी त्यांनी लिहून दिली. आनंद कुठे मिळतो ते मात्र लिहून दिलं नाही.

खाट माजघरात दाराच्या समोर टाकली, म्हणजे पडल्या पडल्या ओटी दिसावी, ओटीपलीकडचं अंगण दिसावं. प्रत्यक्षात दिसे ती शरच्चंद्ररावांची पाठ. सकाळच्या गोळीचा अंमल जेवणाच्या सुमारास उतरे आणि पुढची गोळी चहानंतर. मधली दुपार कशाच्याही आधाराशिवाय काढायची. शरच्चंद्ररावांनी गाणं बंद केलं होतं. ते खुर्चीत बसून राहत आणि खाट करकरली की उठून आत जात.

"काय हवंय?"

"काही नको."

"दुखतंय का?"

"नाही."

असली ‘नाही’ त्यांनी कोर्टात पोत्यांनी लिहून घेतली होती. ऐकताच खोटं कळावं अशी. पण आपल्याला हवी ती साक्ष माणसाला लगेच पटते. ते परत खुर्चीत येऊन बसत.

एका दुपारी मधुवंतीबाई म्हणाल्या, "गाणं का लावत नाही?"

"तुला त्रास नको म्हणून."

"नकाच लावू. आवाज टोचतो मला. पण तुम्ही हे असे खांबासारखे बसून राहता ते त्याहून टोचतं. भार्गवीच्या नवऱ्याकडे आहे ना, कानावर घालायचं, बिनवायरचं? तसलं आणा. तुमचं तुम्ही ऐका. मीही सुटेन आणि तबलजीही सुटतील."

शरच्चंद्ररावांनी पुण्याला लेकीला फोन केला. भार्गवी म्हणाली, "बाबा, घाई करू नका. आधी रिव्ह्यू बघा. मी पाठवते." तिने इतके पाठवले की फोन गरम झाला. त्यात एक दाढीवाला मुलगा घरी बसून ऐकण्यासाठी हेडफोन कसा निवडावा हे सांगत होता. वजन कमी हवं, गादी मऊ हवी, बॅटरी टिकाऊ हवी. आईला दुखत असेल तर बाबांनी काय निवडावं, हे त्याने सांगितलं नव्हतं. शरच्चंद्रराव एसटीत बसून अलिबागला गेले.

स्टँडजवळ हितेशभाईचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. त्याच्या वडिलांकडून शरच्चंद्ररावांनी पहिला रेडिओ घेतला होता, त्यामुळे हितेश त्यांना काका म्हणत असे.

"काका, हा घ्या. राजा आहे राजा." त्याने एक जाडजूड हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला आणि कडेचं बटण दाबलं.

अलिबाग बंद पडलं. समोरून एसटी हॉर्न देत वळली, तिचा हॉर्न नाही. शहाळीवाल्याने कोयता मारला, त्याचा आवाज नाही. हितेशचं तोंड उघडत मिटत होतं. आपण ओटीवर असेच बसलेलो आहोत आणि मागे मधूचं तोंड असंच उघडतं मिटतं आहे, हे शरच्चंद्ररावांना समोर दिसलं. त्यांनी तो हेडफोन ओरबाडून काढला.

"कसा वाटला?"

"बाहेरचं ऐकू येणारा आहे का?"

हितेशने त्यांच्याकडे बघितलं. "काका, दुनिया बाहेरचं बंद व्हावं म्हणून पैसे मोजते. बाहेरचंच ऐकायचं तर असेच बसा ना ओटीवर. फुकट आहे."

"फुकटचं घरात चालत नाही. तू दाखव."

हितेशने मग एक हलकासा, कापडी गाद्यांचा हेडफोन काढला. खाऱ्या हवेत चामड्याच्या गादीची पापडी होते, कापड बरं, असंही त्याने सांगितलं. हा कानावर नुसता टेकत होता. गाणं ऐकू येत होतं आणि एसटीही. शरच्चंद्ररावांनी तो बांधून घेतला.

घरी मधुवंतीबाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला. "घाला. तिकडे तोंड करून बसा. गाणं लावा."

ते बसले. त्यांनी गाणं लावलं. मागे वाटीवर चमचा हलकेच वाजला. शरच्चंद्रराव झटकन वळले. "काय गं?"

"ऐकू आलं?"

"आलं की! अगदी स्पष्ट." त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्याचा आनंद होता.

"मग काय उपयोग? बदलून आणा. चांगला बंद होणारा आणा."

"अगं, पण तू हाक मारलीस तर—"

"मी कशाला हाक मारू? आणलाय ना तर धड ऐका. अर्धवट काही करायचं नाही." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले आणि ओठ आत ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी ते खोकं पिशवीत घालून शरच्चंद्रराव निघाले तेव्हा बेड्याजवळ, वाडीच्या फाटकाशी, त्यांना सखुबाई भेटली. मधुवंतीबाईंना पुसून काढायला, कूस बदलायला ती दिवसातून दोनदा येई.

"भाव, बाजारात चाललाव?"

"हो. हे बदलून आणतो. तुझ्या वहिनींना पसंत नाही."

"जा, जा. सावकाश या." ती दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. "सांगू नको बोलल्यात, पन सांगते. तुमी घरात असलाव का त्या दात आवळून पडतात. तुमी भायेर गेलाव का मंग मोकल्या व्हतात. कन्हतात. रडतात पन. काल तुमी अलिबागला व्हताव ना, बराच येल कन्हल्या. मंग बोलल्या, सखू, आज बरा वाटला गो."

शरच्चंद्रराव बेड्याच्या आडव्या बांबूवर हात ठेवून उभे राहिले.

"तुमाला आयकवत न्हाय म्हनून," सखुबाई म्हणाली. "दुसरा काय न्हाय."

एसटीत त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली, पण त्यांनी बाहेर बघितलं नाही.

हितेशने खोकं परत आलेलं बघून हात जोडले. "बोललो होतो ना काका? राजाच पाहिजे."

"तो राजा पूर्ण बंद होतो ना?"

"पूर्ण."

"आणि बंद नको असेल तर?"

"हेच बटण. एकदा दाबलं तर दुनिया बंद. परत दाबलं तर दुनिया चालू, उलट जरा जास्तच ऐकू येते. आत माईक आहे."

"गाणं न लावता?"

"गाणं न लावता काका डोक्यावर कोण घालेल? पण चालेल. त्याला काय?"

वजन, गादी, बॅटरी, दाढीवाल्याने सांगितलेलं काहीच शरच्चंद्ररावांनी विचारलं नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "बंद आहे की चालू, हे मागून बघणाऱ्याला कळतं का?"

हितेश हसायच्या बेतात होता, पण हसला नाही. "नाही काका. फक्त इथे खाली एक छोटा दिवा लागतो."

घरी येताना शरच्चंद्ररावांनी औषधाच्या दुकानातून चिकटपट्टी घेतली आणि एसटीतच तो दिवा झाकून टाकला.

दुपारी पुन्हा परीक्षा झाली. हेडफोन चढवून ते पाठमोरे बसले, फोन मांडीवर घेतला, त्यावर उगाच बोट फिरवलं आणि कडेचं बटण दोनदा दाबलं. वाडीतली पानं, पलीकडच्या होमस्टेचा पंप, खाटेची करकर, सगळं कानाच्या भोकाशी येऊन बसलं. गाणं नव्हतंच. त्यांनी मनातल्या मनात तीनताल मोजायला सुरुवात केली आणि खुर्चीच्या हातावर बोटं टाकली.

मागे वाटीवर चमचा वाजला. बोटं चालू राहिली.

मग स्टीलचं झाकण फरशीवर पडलं. पडलं, गोल गोल फिरलं आणि बराच वेळ खणखणत राहिलं. खोटा साक्षीदार कुठे सापडतो हे शरच्चंद्ररावांना पाठ होतं. तो मानेत सापडतो. त्यांनी मान हलू दिली नाही. थाप दिली, पुढचं आवर्तन धरलं.

"अहो," मधुवंतीबाई म्हणाल्या. "तुमच्या आत्याने दिलेली पैठणी उंदरांनी नाही खाल्ली. मीच भार्गवीच्या बाहुल्यांना फाडून दिली."

या पैठणीवरून घरात एके काळी मांजर पाळलं गेलं होतं. शरच्चंद्ररावांच्या तोंडाशी हसू आलं. ते त्यांनी सुपारीबरोबर चावून टाकलं.

आणि मग, अगदी हळू, "अहो. फार दुखतंय हो."

त्यांची बोटं थांबली असती तर सगळं संपलं असतं. त्यांनी मोजलं. नऊ, दहा, अकरा, बारा. बोटांना त्यांनी बळाने उचललं आणि बळाने टाकलं. सम आली तशी थाप दिली.

मागे श्वास सुटल्याचा आवाज आला. आणि मधुवंतीबाई कण्हायला लागल्या. आधी चाचरत, मग मोकळेपणी, एखादी सवय झालेली ओवी म्हणावी तशा लांब लांब. त्या माईकने कण्हण्याचा कणसुद्धा सांडू दिला नाही. शरच्चंद्रराव समोर अंगणाकडे बघत ठेका धरून होते. रस्त्यावरून कुणी बघितलं असतं तर म्हाताऱ्याला गाणं फार आवडलंय असं वाटलं असतं.

मग रोजच असं चाललं. जेवण झालं की मधुवंतीबाई स्वतःच म्हणायच्या, "घाला तुमचं ते." आणि शरच्चंद्रराव कानांवर राजा चढवून कामाला बसायचे. कोर्टात ऐकलेलं लिहून काढलं की हात रिकामा होत असे. इथे लिहून काढायची सोय नव्हती. चहाच्या वेळी ते हेडफोन उतरवून आत जात.

"कसं झालं गाणं?" त्या विचारत.

"छान झालं. फार वरचं."

"मलाही झोप लागली जरा," त्या म्हणत.

दोघंही चहा फुंकून पीत.

एका सकाळी सखुबाई पाण्याची बादली ठेवताना म्हणाली, "भाव, वैनी काय बोलत व्हत्या म्हायताय? ह्या कानात घातल्यापासून ह्यांचा ताल सुधारलाय. येकदा पन चुकत न्हायत."

ही गोष्ट शरच्चंद्ररावांच्या ध्यानातच आली नव्हती. गाणं नसताना मोजायला काय जातं? सोळा मात्रा कुणीही मोजेल. गाणं सुरू झालं की ते ऐकण्यात रमत आणि मोजायचं राहून जाई, म्हणून तर जन्मभर हुकले. इतके दिवस एकदाही न चुकता थाप देणारा माणूस दुसरा कुणीतरी आहे, हे बोटांचे ठोके मोजणाऱ्या मधूच्या कानांना कळायला कितीसा वेळ?

त्या दुपारी त्यांनी ठरवून चूक करायची असं योजलं. मागे कण्हणं सुरू झालं. त्यांनी आवर्तन धरलं, एक झालं, दोन झाली, आणि तिसऱ्याला पंधराव्या मात्रेवरच तळहात दणकन हाणला.

कण्हता कण्हताच मागून आवाज आला, "हुकली!"

"तबलजीची चूक!" शरच्चंद्रराव म्हणाले.

म्हणाले, आणि त्यांचा हात तसाच खुर्चीवर राहिला.

मागे सगळं थांबलं. कण्हणंही. वाडीत कुठेतरी नारळाची झावळी सुटून पडली, ती केवढ्यांदा तरी पडली.

"ऐकू येतंय," मधुवंतीबाई म्हणाल्या.

शरच्चंद्ररावांनी हेडफोन काढला. वळायचा धीर झाला नाही. "हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"झाकण पडलं ते?"

"हो."

"पैठणी?"

"पैठणीचं मला आधीच माहीत होतं. बाहुलीच्या अंगावर काठ दिसला होता."

"मग मांजर कशाला आणलंत?"

"तू उंदीर म्हणालीस म्हणून."

पुढचा, कण्हण्याचा प्रश्न मधुवंतीबाईंनी विचारला नाही आणि शरच्चंद्ररावांनी त्याचंही उत्तर दिलं. "तेही ऐकलं."

"मला संशय होताच," मधुवंतीबाई म्हणाल्या. "आठवडाभर सम न हुकणारा नवरा मी केला नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

त्यांनी कूस बदलायचा प्रयत्न करून तो सोडून दिला. "आधी वाटलं, तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून कण्हावं. मग वाटलं, ऐकू येत असेल. तर त्याने जास्तच बरं वाटायला लागलं. काय करू?"

शरच्चंद्रराव अंगणाकडे बघत बसले. अंगण दिसत नव्हतं.

"आता चोरून कशाला ऐकताय? खुर्ची फिरवा इकडे. आणि ते काढून ठेवा, डोक्यावर टोपलं घातल्यासारखं दिसतं. मोठ्यानं लावा काहीतरी. मला आवाज टोचत नाही."

"टोचतो म्हणालीस ना?"

"तुम्ही फार वरचं गाणं झालं म्हणालात ना?"

त्यांनी खुर्ची उचलून माजघरात आणली, खाटेला लावून ठेवली. स्पीकरच्या जुन्या लाकडी पेट्यांवरची धूळ पुसली आणि गाणं लावलं. खरं गाणं लागताच त्यांची सम पहिल्याच आवर्तनाला हुकली. मधुवंतीबाईंनी ते सांगितलं, तबलजीवर आळ आला, आणि मग त्या कण्हल्या. लपवाछपवी न करता, तोंडावर. ते ऐकणं पाठीने ऐकण्यापेक्षा अवघड होतं. शरच्चंद्रराव खाटेच्या कडेवर ठेका धरून राहिले. हेडफोन हितेशकडे परत नेला नाही. कोनाड्यात तो पडून राहिला आणि त्याच्या गाद्यांना हळूहळू खारी हवा लागत गेली.

पुढे पुढे "हुकली" हा शब्द बारीक होत गेला. मग नुसते ओठ हलत. मग भुवई. तेवढंही शरच्चंद्ररावांना पुरे, ते तबलजीला सोडत नसत.

एका दुपारी सखुबाई पुसून, केस सारखे करून गेली. मधुवंतीबाई डोळे मिटून पडल्या होत्या. फार दिवसांनी चेहरा सैल दिसत होता. शरच्चंद्ररावांनी गाणं लावलं आणि खाटेच्या कडेवर बोटं टाकली. पहिली थाप पडली. भुवई हलली नाही. बरोबर आली, असं त्यांना वाटलं आणि बरं वाटलं. दुसरी पडली. तीही बरोबर. तिसरी. गवई द्रुत लयीत गेला, तिथे ते हमखास घसरत. तिथेही माजघर गप्प.

अख्खं गाणं होत आलं. एवढा वेळ आपण एकदाही चुकलो नाही, असं होणं शक्य नाही, हे त्यांना कळत होतं. तरी गाणं संपेपर्यंत त्यांनी ठेका सोडला नाही.